पे पर क्लिक जाहिरात म्हणजे काय? घरच्या छोट्या दुकानासाठी सुरुवात कशी करायची?



माझ्या मामांचं यवतमाळमध्ये कूलरचं दुकान आहे. लोखंडी बॉडीचे कूलर ते स्वतः बनवून घेतात, विकतात, आणि जुन्या कूलरचं गवत, पंप, मोटर बदलून देतात. विदर्भातल्या माणसाला सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो: आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. कूलरचा धंदा मार्चपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत, बस. त्या तीन महिन्यांच्या कमाईवर अख्खं वर्ष काढायचं असतं.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी त्यांना म्हणालो, "मामा, गूगलवर जाहिरात टाकू. कोणी क्लिक केलं तरच पैसे जातात." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे घरच्यांना वाटतं की याला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. एका रात्री वीस मिनिटांत अकाउंट उघडलं, मामांचे ३,००० रुपये भरले, स्क्रीनवर जे जे विचारलं तिथं 'नेक्स्ट' दाबत गेलो आणि झोपलो.

चौथ्या दिवशी पैसे संपले. क्लिक शंभराच्या वर. कूलर विकला गेला एक.

मामांचा फोन आला. "काहून रे बाबू, हे लोकं कुठून कुठून फोन करून राहिले? एक नाशिकचा होता. एक म्हणे लॅपटॉपचा कूलर आहे का!" मग थोडं थांबून म्हणाले, "तीन हजार म्हणजे दुकानातल्या पोराची हप्त्याची मजुरी आहे, बाबू."

ते रागावले नाहीत, म्हणूनच ते जास्त लागलं. त्या रात्री मी पहिल्यांदा प्रत्येक सेटिंग वाचलं. चूक माझीच होती. प्रश्न विचारले गेले होते, मी ते न वाचता पुढे गेलो होतो. या लेखात तेच सांगतो, जे मला ३,००० रुपये घालवून कळलं. तुमच्या घरी किराणा, टेलरिंग, मोबाईल रिपेअरिंग, मोटर रिवायंडिंग, मंडप डेकोरेशन असं काहीही असेल आणि "तू मोबाईलवर असतोस ना, आपली जाहिरात टाक" असं घरचे म्हणत असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

पे पर क्लिक म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे जाहिरात म्हणजे रिक्षावर भोंगा लावून फिरवणं, पेपरमध्ये पत्रकं टाकणं किंवा चौकात बॅनर लावणं. यात पैसे आधी जातात. हजार पत्रकं छापली तर हजारांचे पैसे, मग त्यातल्या नऊशे लोकांनी त्यावर शेंगदाणे खाल्ले तरी.

पे पर क्लिकमध्ये जाहिरात दिसण्याचे पैसे लागत नाहीत. कोणी त्यावर बोट टेकवलं तरच लागतात. ही कल्पना जुनी आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉम या सर्च इंजिननं शब्दांवर बोली लावायची पद्धत सुरू केली. जो जास्त बोली लावेल तो वर. गूगलनं ऑक्टोबर २००० मध्ये ॲडवर्ड्स सुरू केलं, तेव्हा त्यावर फक्त ३५० जाहिरातदार होते आणि पैसे दर हजार वेळा दिसण्याचे घेतले जायचे. २००२ मध्ये गूगलही क्लिकवर आलं. २०१८ मध्ये त्याचं नाव गूगल ॲड्स झालं.

इथं एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सर्चच्या जाहिरातीत तुम्ही जागा विकत घेत नाही. तुम्ही कोणाचा तरी प्रश्न विकत घेता. "यवतमाळमध्ये कूलर कुठे मिळेल" हा एक प्रश्न. "कूलर घरी कसा बनवायचा" हा दुसरा प्रश्न. दोन्हींत 'कूलर' आहे, पण पहिल्याच्या खिशात पैसे आहेत आणि दुसऱ्याच्या हातात पक्कड. मी दोन्ही प्रश्न एकाच भावात विकत घेत होतो.

वर कोणाची जाहिरात दिसते? ज्याचे पैसे जास्त त्याची?

नाही. आणि छोट्या दुकानदारासाठी हीच चांगली बातमी आहे.

तुम्ही काही शोधलं की त्या क्षणी एक छोटा लिलाव होतो. बाजार समितीत कापसाचा होतो तसा, फक्त सेकंदाच्याही आत. पण इथं नुसता भाव बघत नाहीत. जाहिरातीचा दर्जाही बघतात: लोक तिच्यावर क्लिक करतील का, शोधलेल्या शब्दाशी ती जुळते का, आणि क्लिक केल्यावर जे पान उघडतं ते कामाचं आहे का.

अगदी सोपं करून सांगतो. समजा पहिला दुकानदार एका क्लिकसाठी २० रुपयांपर्यंत द्यायला तयार आहे आणि त्याच्या जाहिरातीचा दर्जा ३. गुणाकार ६०. दुसरा फक्त १२ रुपये देतो, पण दर्जा ७. गुणाकार ८४. म्हणजे कमी पैसेवाला वर गेला. आणि तो १२ रुपयेही भरत नाही. पहिल्याच्या ६० च्या पुढे राहायला जेवढे लागतात तेवढेच भरतो, म्हणजे ६० भागिले ७, साधारण ८ रुपये ६० पैसे. प्रत्यक्षात हिशोबात अजून गोष्टी धरतात, जसं की शोधणारा कुठे आहे, मोबाईलवर आहे की कॉम्प्युटरवर, वेळ कोणती आहे. पण गाभा हाच. नेमकी जाहिरात स्वस्त पडते, मोघम जाहिरात महाग पडते.

थांबा, आधी फुकटचं काम करा

जाहिरातीचा एक रुपया भरण्याआधी गूगल बिझनेस प्रोफाइल बनवा. आधी त्याला गूगल माय बिझनेस म्हणायचे. हे पूर्ण फुकट आहे. मॅपवर दुकानाची खूण, फोन नंबर, वेळ, फोटो, लोकांचे अभिप्राय सगळं तिथं येतं. "माझ्या जवळ कूलर रिपेअर" असं शोधणाऱ्याला मॅपमधली दुकानं दिसतात, आणि त्यावरच्या फोनला तुम्हाला काही खर्च नाही.

मामांचं प्रोफाइल होतं, पण कोणीतरी कधीतरी बनवलेलं. खूण दोन गल्ल्या पलीकडे, नंबर जुना. म्हणजे मी नवीन गिऱ्हाईक विकत आणत होतो आणि फुकट येणारं चुकीच्या गल्लीत पाठवत होतो. ते आधी दुरुस्त केलं. दुकानाचा, आतल्या कूलरचा, काम करताना मिस्तरींचा असे खरे फोटो टाकले. इंटरनेटवरून उचललेले नाही.

दुसरं, जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडायला एक पान लागतं. मोठी वेबसाइट नको. एक पान पुरे: वर मोठ्या अक्षरात फोन नंबर, मग पत्ता, चार फोटो, साइझप्रमाणे किंमत कितीपासून सुरू होते ते. पान हलकं ठेवा. घाटंजीच्या एखाद्या गावात नेटवर्कची एकच दांडी असते, तिथंही ते पटकन उघडलं पाहिजे.

एका क्लिकला किती पैसे परवडतात?

हा हिशोब मी आधी केलाच नव्हता. दुकानात बसून मामांबरोबर केला. तुम्हीही कागदावर करा. आकडे समजायला धरलेत, तुमचे तुम्ही घाला.

समजा एका कूलरमागे सगळा खर्च जाऊन ८०० रुपये सुटतात. १०० लोकांनी क्लिक केलं, तर त्यातले २० फोन करतात. २० पैकी ४ कूलर घेतात. ४ गुणिले ८०० म्हणजे ३,२०० रुपये. याचा अर्थ १०० क्लिकवर ३,२०० पेक्षा जास्त गेले तर तोटा. एक क्लिक ३२ रुपयांना पडला तर ना नफा ना तोटा. निदान अर्धे पैसे तरी खिशात राहावेत असं वाटत असेल, तर क्लिकची कमाल मर्यादा १६ रुपये.

त्यात १८ टक्के जीएसटी धरा. दुकान नेहमीच्या जीएसटीत नोंदलेलं असेल, तर अकाउंटमध्ये जीएसटी नंबर टाकून त्याचं क्रेडिट घेता येतं. नोंदणीच नसेल किंवा कंपोझिशनमध्ये असाल, तर ते क्रेडिट मिळत नाही, तो सरळ खर्च आहे.

हा हिशोब अजून एक गोष्ट सांगतो. ज्या वस्तूवर २० रुपये सुटतात तिच्यासाठी सर्चची जाहिरात परवडणारच नाही. किराणा दुकानात साखरेसाठी जाहिरात देऊ नका. लग्नाची ऑर्डर, बोअरची मोटर, घराचं फर्निचर, क्लासचे प्रवेश अशा एका व्यवहारात बऱ्यापैकी पैसे सुटणाऱ्या कामांसाठी द्या.

आता अकाउंट: कुठं थांबून वाचायचं?

स्क्रीन अधूनमधून बदलत असतात, त्यामुळे कुठलं बटण कुठं आहे हे सांगत नाही. काय शोधायचं ते सांगतो. शक्य असेल तर हे काम मोबाईलवर न करता लॅपटॉपवर करा.

१. अकाउंट दुकानदाराच्या ईमेलवर उघडा. तुमच्या नाही आणि एजन्सीच्या तर अजिबातच नाही. उद्या तुम्ही नोकरीसाठी पुण्याला गेलात तरी दुकानाचं अकाउंट दुकानातच राहिलं पाहिजे. गूगल ओळख पडताळणीसाठी कागदपत्रं मागतं, ती ज्याची असतील त्याचंच अकाउंट असू द्या.

२. एक्सपर्ट मोड निवडा. सुरुवातीला सगळं आपोआप करून देणारा सोपा मार्ग दाखवतात. नाव 'एक्सपर्ट' आहे म्हणून घाबरू नका. त्यात फक्त जास्त गोष्टी आपल्या हातात असतात.

३. मोहिमेचा प्रकार 'सर्च' घ्या. खाली डिस्प्ले नेटवर्क आणि सर्च पार्टनर्स असे दोन पर्याय असतात, त्यांची खूण सुरुवातीला काढा. डिस्प्ले म्हणजे वेगवेगळ्या वेबसाइट आणि ॲपमध्ये चित्रासारखी दिसणारी जाहिरात. गेम खेळताना चुकून बोट लागलं तरी तो क्लिकच.

४. ठिकाण. माझी मोठी चूक इथं होती. मी महाराष्ट्र निवडलं होतं. मामांची गाडी दारव्ह्यापर्यंत जाते आणि जाहिरात नाशिकला दिसत होती.

यवतमाळ जिल्हा निवडला तरी पुरेसं नाही. १६ तालुके, १३,५८२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती, पण ती सगळी यवतमाळ शहरात खरेदीला येत नाही. वणीचा माणूस चंद्रपूरकडे बघतो, उमरखेडच्या माणसाला नांदेड सोयीचं, पुसद तर स्वतःच मोठी बाजारपेठ आहे. म्हणून मामांना विचारलं, "मागच्या वर्षी कूलर कुठल्या कुठल्या गावात गेले?" त्यांनी न बघता सांगितलं: यवतमाळ, कळंब, बाभूळगाव, नेर, घाटंजी, दारव्हा, आर्णी. तेवढेच भाग घेतले. आपलं गिऱ्हाईक कुठून येतं हे गूगलपेक्षा दुकानदाराला जास्त माहीत असतं. आधी त्याला विचारा.

ठिकाणाच्या खाली अजून एक बारीक पर्याय असतो. त्या भागात असलेले लोक, की त्या भागात असलेले *आणि* त्यात रस दाखवणारे लोक? आधीपासून दुसरा निवडलेला असतो. म्हणजे पुण्यात बसून कोणी "यवतमाळ कूलर" शोधलं तर त्यालाही दिसेल. सहसा पहिला पर्याय घ्या. पण एक गंमत सांगतो. त्या पहिल्या ३,००० रुपयांत जो एकमेव कूलर विकला गेला, तो पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलानं दारव्ह्याच्या आई-बाबांसाठी घेतला होता. पैसे त्यानं यूपीआयनं पाठवले, कूलर मामांनी घरी पोचवला. आपल्या जिल्ह्यातली किती मुलं पुण्या-मुंबईत आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणून नंतर आम्ही बाहेर राहणाऱ्यांसाठी एक वेगळी छोटी मोहीम ठेवली, ज्यात शोधलेल्या शब्दात 'यवतमाळ' किंवा 'दारव्हा' असलंच पाहिजे.

५. भाषा. मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही निवडा. घरी मराठी बोलणाऱ्या कितीतरी लोकांचा फोन इंग्रजीत असतो. फक्त मराठी ठेवलं तर आपलीच माणसं सुटतात.

६. बजेट. तुम्ही रोजचं सरासरी बजेट देता. समजा १५० रुपये. एखाद्या दिवशी ३०० पर्यंतही खर्च होऊ शकतो, दुप्पट. ते बघून घाबरू नका, कारण महिन्याची मर्यादा ३०.४ पट असते, म्हणजे ४,५६० रुपये. त्याच्या वर जात नाही. बोलीसाठी सुरुवातीला 'जास्तीत जास्त क्लिक' घ्या आणि त्यात एका क्लिकची कमाल मर्यादा टाका. वर काढलेले १६ रुपये इथं टाकायचे.

शब्द कसे निवडायचे?

ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची त्यांना कीवर्ड म्हणतात. ते तीन प्रकारे देता येतात.

नुसता शब्द लिहिला तर तो मोकळा. त्याच्याशी संबंध वाटेल अशा कुठल्याही शोधावर जाहिरात दिसू शकते. अवतरण चिन्हात लिहिला तर त्या अर्थाचा वाक्यांश शोधात असला पाहिजे. चौकटी कंसात लिहिला तर जवळपास त्याच अर्थाचा शोध लागतो. मी नुसतं 'कूलर' लिहिलं होतं. म्हणून लॅपटॉपचा कूलर, पाण्याचा कूलर, कारचं कूलंट, कूलरची मोटर कशी जोडायची, सगळे आले.

दुसऱ्या वेळी अवतरणात लिहिलं: "कूलर दुकान यवतमाळ", "लोखंडी कूलर किंमत", "कूलर रिपेअर यवतमाळ". आणि हेच रोमन लिपीतही. कारण आपण मराठी बोलतो पण टाइप करताना अर्धे लोक इंग्रजी अक्षरात मराठी लिहितात. 'दुकान', 'शॉप', हिंदीतलं 'कूलर की दुकान', सगळं रोमनमध्ये. यवतमाळचं स्पेलिंगसुद्धा दोन प्रकारे लिहितात, एक आजचं आणि एक इंग्रजांच्या काळापासून जुन्या कागदांवर दिसणारं. दोन्ही टाका.

आता याच्याइतकंच महत्त्वाचं: निगेटिव्ह कीवर्ड. म्हणजे हा शब्द आला तर जाहिरात दाखवू नको. आमची यादी: लॅपटॉप, कॉम्प्युटर, वॉटर कूलर, ऑनलाइन, कसा बनवायचा, डायग्राम, नोकरी, सेकंड हँड. 'रिपेअर' मात्र ठेवलं, कारण ते काम मामा करतात. तुमचं काम मोटर रिवायंडिंगचं असेल तर 'मोटर ड्रायव्हिंग', 'मोटरसायकल' आधीच बाहेर काढा.

जाहिरातीत काय लिहायचं?

एका शीर्षकाला ३० अक्षरं आणि वर्णनाला ९० अक्षरं मिळतात. शीर्षकं १५ पर्यंत आणि वर्णनं ४ पर्यंत देता येतात, त्यातून गूगल जुळवाजुळव करतं. कॉम्प्युटर देवनागरीतली काना-मात्रा-वेलांटी वेगळी धरतो, 'की' म्हणजे त्याच्यासाठी दोन. त्यामुळे मराठी शीर्षक पटकन भरतं. चौकटीतला आकडा बघत लिहा.

माझी पहिली ओळ होती "उत्तम दर्जा, वाजवी दर". हे कोण लिहीत नाही? नंतरच्या ओळी मामांच्या तोंडच्या होत्या:

- यवतमाळमध्ये लोखंडी कूलर
- घरपोच आणि फिटिंगसह
- जुन्या कूलरचं गवत बदला

किंमत कितीपासून सुरू ते वर्णनात लिहिलं. त्यानं क्लिक कमी झाले, आणि ते चांगलंच झालं. ज्याला परवडणार नाही तो क्लिक न करताच पुढे जातो, आपले पैसे वाचतात. जाहिरातीला फोन नंबरही जोडा, म्हणजे लोक थेट कॉल करू शकतात. त्या कॉलच्या क्लिकलाही पैसे लागतात, हे लक्षात ठेवा.

मग आमचं काय झालं?

मामांना पुन्हा पैसे मागायची हिंमत नव्हती. दुसऱ्या वेळचे २,४०० रुपये मी भरले, आणि अट घातली की दुकानात एक वही ठेवायची. चार रकाने: तारीख, गाव, काय विचारलं, घेतलं का. गूगल क्लिक मोजतं, फोनच्या बटणावर किती वेळा बोट लागलं तेही मोजतं. पण कूलर गेला की नाही हे त्याला माहीत नसतं. ते वहीलाच माहीत.

तीन आठवड्यांत वहीत ३१ फोन आले. ७ कूलर गेले, आणि ९ जणांनी गवत किंवा पंप बदलून घेतला. करोडपती झालो नाही. पण दिलेल्यापेक्षा जास्त परत आलं, आणि का आलं ते आम्हाला माहीत होतं.

वहीनं अजून एक गोष्ट दाखवली, जी मी लॅपटॉपवर कधीच पकडली नसती. खेड्यातले फोन रात्री आठ ते दहामध्ये यायचे. माणूस शेतातून येणार, जेवणार, मग मोबाईल हातात घेणार. तेव्हा दुकान बंद आणि दुकानातला फोन ड्रॉवरमध्ये. म्हणजे क्लिकचे पैसे जायचे आणि फोन कोणी उचलायचं नाही. मग नंबर मामांच्या मोबाईलवर वळवला आणि जाहिरातीची वेळ सकाळी ९ ते रात्री १० ठेवली. जेव्हा फोन उचलायला माणूस नाही, तेव्हा जाहिरात बंद. हे सेटिंग 'ॲड शेड्यूल' या नावानं सापडेल.

रोज दहा मिनिटं काय बघायचं?

- सर्च टर्म्स नावाचा अहवाल उघडा. लोकांनी खरोखर काय टाइप केलं ते तिथं दिसतं. सगळं दिसत नाही, पण बरंच दिसतं. कामाचा नसलेला शब्द लगेच निगेटिव्हमध्ये टाका.
- वही आणि खर्च समोरासमोर ठेवा. क्लिक वाढले म्हणून खूश होऊ नका.
- स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करू नका. मामा रोज सकाळी चहा पिता पिता "आपली येते का पाहू" म्हणून शोधायचे आणि कौतुकानं क्लिकही करायचे. असे काही क्लिक गूगल गाळतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. बघायचंच असेल तर अकाउंटमध्येच जाहिरात कशी दिसते ते दाखवणारं प्रीव्ह्यूचं साधन आहे.
- छोट्या गावात शोधणारेच कमी असतात. रोजचे १५० रुपये संपलेच नाहीत तर ते वाईट नाही. पैसे संपवायला म्हणून भाग वाढवू नका.

फेसबुक-इन्स्टाग्रामचं काय?

तिथंही क्लिकवर पैसे लागणाऱ्या जाहिराती देता येतात, थेट व्हॉट्सॲप चॅट उघडणाऱ्यासुद्धा. फरक एवढाच की गूगलवर माणूस विचारत आलेला असतो, इन्स्टावर तो रील बघत असतो आणि आपण मध्ये येतो. अचानक मोटर जळाली तर माणूस गूगलवर जातो. नवीन साडी, केक, मेंदी, डेकोरेशन असं बघून आवडणारं काम असेल तर इन्स्टा बरं.

आणि हो, एकदा नंबर इंटरनेटवर गेला की "तुमचं दुकान गूगलवर एक नंबरला आणून देतो" असे फोन येतील. वर सांगितलंय ना, प्रत्येक शोधाला नवा लिलाव होतो. मग कायमच्या एक नंबरची गॅरंटी कोण देणार? अकाउंटचा पासवर्ड किंवा ओटीपी कोणालाही देऊ नका.

शेवटी

पहिल्यांदा जाहिरात देणार असाल तर क्रम असा ठेवा: मॅपवरचं फुकट प्रोफाइल, एक पान, कागदावरचा हिशोब, वही, आणि मग जाहिरात. रक्कम तेवढीच भरा जी गेली तरी घरात कोणाची मजुरी थांबणार नाही.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी मी मोहीम बंद केली. यावर्षी मार्चच्या सुरुवातीला मामांचाच फोन आला. "बाबू, ते गूगलवालं चालू कर." मी हो म्हणालो, तर लगेच पुढचं वाक्य: "पण पैसे भरायच्या आधी मले दाखव, कुठं कुठं दिसणार आहे ते."